सुतक नसताना कोरा चहा

आत्याबाई, ओळखलं का मला? मी तुमची धाकटी सून. न्हाईच ओळखणार म्हणा. जिवंत होता तवाच तुम्ही चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा हुडकत फिरायच्या, अन आम्हा दोघी जावांवर चोरीचा आळ घ्यायच्या. आता तर तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली. तिथं वर इतक्या सासवा जमल्या असतील, त्यांच्या गप्पांत थोरली कोणती अन धाकटी कोणती हे कशाला ध्यानात राहतंय? तर मीच आठवण करून देते. जिनं तुमच्या चुलीवर पंधरा वर्षं दोन वक्त चहा उकळला अन पहिल्या पाण्याचा घोट एकदाबी घेतला न्हाई, ती मी. मला अक्षर येत न्हाई, हे तरी आठवत असंल. मी बोलते अन माझी सून लिहिती. जसं बोलते तसंच लिही, गोड करू नको, असं बजावलंय तिला. पण ती शाळा शिकलेली आहे, थोडं नीटनेटकं करणारच. तुमची नातसूनच की ती. तुम्ही गेल्यावर ह्या घरात आली, म्हणून वाचली.

सांगायचं ते असं, की मी दीड महिन्यामागं ह्या घरात कोरा चहा केला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, काळा. कुणी मेलेलं नसताना. घ्या, झाला का जीव वरखाली? तुम्ही मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, दूध संपलं तर चहा करू नको, पाणी दे, पण कोरा चहा चुलीवर चढवायचा न्हाई. तो मयतीच्या घरचा, तो केला की मयत चालत दारात येती. मी ते पन्नास वर्षं पाळलं. गाय आटली तवा पाळलं, दुष्काळात पाळलं. अन मोडलं ते तुमच्या पणतीसाठी. तिच्यासाठी मी ह्याहून मोठं बी मोडलं असतं.

ही पोर, म्हणजे लिहिणारीची लेक, धाराशिवच्या कॉलेजात खाण्यापिण्याच्या पदार्थांचं शास्त्र शिकली. तिला कलकत्त्याला चहाच्या एका पेढीवर नोकरी लागली. काम काय, तर चहा चाखायचा. वाट्या ओळीनं मांडायच्या, एकेकीतला घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा, थुंकायचा, अन कुठला चांगला, कुठला वाईट ते सांगायचं. माझा लेक म्हणाला, "चहा चाखायला कलकत्त्याला कशाला जायचं? तुझी आई रोज करती की, हितंच चाख." त्याच्या मनात तिनं तलाठ्याची परीक्षा द्यावी अन आमच्या माकणीच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी नांदावं. पेढीला आठ दिवसांत होकार नकार कळवायचा होता. पाच दिवस बापलेक एका ताटाला बसले न्हाईत. सहाव्या दिवशी बाप सोयाबीन घेऊन मुरुमला आडतीवर गेला अन पोरीनं पिशवीतून एक पाकीट काढलं, मुलाखतीला कलकत्त्याला गेली तवा पेढीनं दिलेलं. म्हणाली, "आजी, मी तिथं काय काम करणार ते तुला दावते. हा चीनचा चहा आहे."

मी पाकिटात नाक घातलं अन तसंच ठेवलं. पत्ती बारीक, काळीभोर, पिळलेली, मधेच एखादी सोन्याच्या तारेसारखी. वास चहाचा न्हवताच. द्राक्षं वाळत घातलेल्या शेडात शिरावं तसा. मी सवयीनं दुधाच्या पातेल्याला हात घातला, तर पोरीनं मनगट धरलं. "दूध न्हाई, आजी. साखर बी न्हाई." मी म्हणलं, "मग काय, मयतीचा करतीस का?" ती म्हणाली, "व्हय. तसाच." माझ्या सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं बघितलं. तुम्ही दारात उभ्या हायत असंच वाटलं, पदर खोचून. मग मी म्हणलं, कर.

आधी किटलीला गरम पाण्यानं आंघोळ घातली, ते पाणी टाकून दिलं. मग एक चमचा पत्ती. पाणी खळखळा उकळलं की उतरवायचं, मोठे बुडबुडे बसू द्यायचे, मग वरून धार सोडायची अन झाकण. पोर फोनात वेळ लावाय लागली. मी म्हणलं, ठेव ते, मी मनात जात्यावरची एक ओवी म्हणते, ती संपली की ओत. ओवी संपली अन तिचा फोन वाजला, एकदमच. पेल्यात उतरला तो घासलेल्या तांब्याच्या रंगाचा. अन प्यायचा कसा, तर आवाज करून! फुर्रकन ओढायचा, म्हणजे चव टाळ्याला, नाकाला, सगळीकडं पोचती. मुलाखतीला गेली तवा पोरीला पेढीवर पहिलं हेच शिकवलंय म्हणं. तुम्ही मला त्या आवाजावरून काय काय बोलला होता ते लिहायला सांगितलं तर सून पेन टाकून देईल.

मी ओढला फुर्रकन. आधी जरा तुरट. मग मनुका. मनुक्याच्या मागं बोरं, उन्हात वाळवलेली, आंबूसगोड. अन गिळल्यावर घशात कुणीतरी गूळ ठेवून गेल्यासारखं. मी आपलं लागलं तसं बोलले. पोर वहीत बघाय लागली अन तिचे डोळेच मोठे झाले. "आजी, तिथल्या मोठ्या साहेबांनी मनुका सांगितला होता. बोरं कुणालाच लागली न्हवती. पर हायत की गं, बोरं हायत!" आत्याबाई, मला सत्तरीत कुणीतरी सांगितलं, की माझी चव खरी आहे. तुम्हाला आठवत नसंल, पण एकदा तुम्ही बाजारातून नवी पत्ती आणली होती, अन मी वासावरूनच म्हणलं होतं, ही बुरसलेली आहे. तुम्ही पाव्हण्यांसमोर म्हणाल्या, "चव सांगायची ती घरधनिणीनं. सुनंनं रांधायचं." संध्याकाळी सगळ्यांची पोटं बिघडली. तुम्ही दोष दिला माझ्या पातेल्याला. मी ते पातेलं राखेनं तीनदा घासलं.

मग पोरीनं त्याच पत्तीवर पुन्हा पाणी ओतलं. म्हणलं, अगं टाक तो चोथा. तर म्हणती, "ह्या चहाचं दुसरं पाणी पहिल्यापेक्षा गोड असतंय, आजी. जाणकार ह्याच्यासाठीच थांबतेत." मी आधी नुसती बघत राहिले, मग हसाय लागले ते थांबेनाच. तुम्ही पहिल्या पाण्याचा चहा पुरुषांना द्यायच्या, मग स्वतःला, अन उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून उकळलेलं ते फिक्कं, कळकट आम्हा दोघी जावांना. चीनमध्ये असतो तर आम्हीच जाणकार झालो असतो! हे बोलले तशी सून बी हसाय लागली, डोळ्याला पदर लावून. मी दुसऱ्या पाण्याचा घोट घेतला, भिंतीला पाठ टेकली अन चव धरून ठेवायला डोळे मिटले.

नेमकी त्याच वक्ताला समोरच्या घरची काकी विरजण मागायला आली. तिनं काय बघितलं? पेल्यांत कोरा चहा, सून पदरात तोंड घालून गदगदती, पोर गप, अन म्हातारी भिंतीला डोळे मिटून. "गेली गं माझी बाई!" अशी किंकाळी फोडली अन पळाली. मला ओरडायचं होतं, पण तोंडात घोट होता अन तो गिळायला मन होईना. गिळेस्तोवर ती पारापाशी पोचली होती. घटकाभरात दारात बायकांची रांग. कुणी पिठलं-भाकरी झाकून आणलेली, आमची चूल पेटणार न्हाई म्हणून. तुमच्या चुलत दिराचा लेक, आता म्हातारा झालाय, तो तर तिरडीला दोन बांबू अन कडब्याची पेंढी घेऊनच आला. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणलं, "भाऊजी, बांबू जरा आखूड वाटतेत. मी उंच हाय." त्यांच्या हातातली पेंढी खाली पडली.

लेकाला मुरुमला कुणीतरी फोन केलेला. तो आला मोटारसायकलवर, धुळीनं पांढरा. मी दिसले तसा माझ्या पायाशीच बसला, लहानपणी बसायचा तसा, अन रडला. रडणं संपलं की त्याला राग आला. पोरीच्या हातातलं पाकीट बघून ओरडला, "ह्या अवदसेपायी जित्या माणसाचं सुतक झालं घरात. कलकत्ता बंद! कळव त्यान्ला आजच्या आज, येत न्हाई म्हणून." अंगणात सगळे माना हलवाय लागले. भाऊजी म्हणाले, "वैनी, कोरा चहा सुतकाबिगर करत न्हाईत, तुम्हाला ठाव न्हाई व्हय?" पोरीनं पाकिटाची घडी घातली. तिची मान खाली गेली, अन मला त्या मानेत माझी मान दिसली, ते पातेलं घासतानाची.

मी म्हणलं, "ठाव हाय. माझ्या सासूनंच शिकवलंय. अन तिनं हे बी शिकवलंय, की मयतीला आलेल्या माणसानं कोरा चहा घेतल्याबिगर परत जायचं नसतंय. समदे माझ्या मयतीला आलाव ना? बसा खाली." सुनेला सांगितलं, मोठं पातेलं चढव. आत्याबाई, तुमचाच नियम. कुणाची छाती झाली न्हाई उठायची. पोरीनं चहा केला, मी ओवी म्हणली, ह्या वेळी मोठ्यानं. पेले कमी पडले तर वाट्या काढल्या. पहिला घोट भाऊजींनी घेतला, तोंड वाकडं करून, अन मग थांबले. "ह्यात जांभळं घातली का गं?" पोर घडी केलेलं पाकीट हातातच धरून त्यांच्याजवळ गेली. "न्हाई, आजोबा. अजून काय लागतंय, सांगा." ते डोळे मिटून सांगाय लागले, बायका आपापलं सांगाय लागल्या, कुणाला खजूर, कुणाला चिंचोका, काकीला तर तिच्या माहेरचं सीताफळ. पोर सगळ्यांचं लिहून घेत होती.

मग मी लेकाकडं वळले. "आता ऐक. मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा मोडत न्हाईत. माझी मयत झाली, गाव साक्षीला हाय, बांबू सुदीक आलेत. माझी इच्छा, पोर कलकत्त्याला जाईल." तो म्हणाला, "आई, काहीतरीच काय." पण सगळे त्याच्याकडंच बघत होते. उभ्या उभ्या त्यानं वाटी तोंडाला लावली. त्याला काय लागलं ते मला अजून ठाऊक न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई. वाटी रिकामी करून उंबऱ्यावर ठेवली अन पोरीला म्हणाला, "पोचल्यावर रोज फोन करायचा. रोज म्हणजे रोज."

ती गेली. परवा सोमवारी महिना झाला. अन मी आता रोज दुपारी कोरा चहा पिते, सोप्यात बसून, दार उघडं टाकून, फुर्र आवाज करून. काकी जाता-येता विचारती, "जित्ती हाईस का?" मी म्हणते, "ये, चाखून बघ." तुम्हाला राग येत असंल तर येऊ द्या. एक सांगते मात्र, कधी कुणाला सांगितलं न्हाई ते. मामंजी गेले त्या दिवशी शेजारणीनं कोरा चहा केला होता. मयतीच्या घरात पहिलं पाणी, दुसरं पाणी असं काही नसतं, एकाच पातेल्यातून सगळ्यांना. तुम्ही भिंतीला टेकून रडत होता अन मी तुमच्या शेजारी बसून लग्नानंतरचा पहिला धड चहा पीत होते. मला तो आवडला. सासरा अंगणात ठेवलेला अन मला चहा आवडला, म्हणून मी तुमच्याहून मोठ्यानं रडले. लोक म्हणाले, सुनेचा लई जीव होता. त्याची लाज मला अजून वाटती. पण आवडल्याची वाटत न्हाई.

आता एकच राहिलं. ही लिहिती आहे ना, हिला बी मी पहिली सहा वर्षं चोथ्याचाच चहा दिला. घरात पत्तीचा तोटा न्हवता. कुणी सांगितलं बी न्हवतं, तुम्ही तर कवाच गेला होता. हात आपोआप तसाच वळायचा. हे बोलले तसं हिचं पेन थांबलं. मला म्हणती, "आत्याबाई, हे लिहू का?" म्हणलं, लिही. पत्र कुठं टाकायचं न्हाईच, वर कुठला पोस्टमन जातोय? खरं तर मला हे तुम्हाला सांगायचंच न्हवतं, हिला सांगायचं होतं, अन हिच्या तोंडाकडं बघून सांगवलं नसतं. आता वही मीट अन कलकत्त्याचा डबा भर. ज्वारीच्या कडक भाकरी चार जास्तीच्या घाल, शेंगाची चटणी कूट, पण तिच्यात लसणाची पाकळी सुदीक पडू देऊ नको. लसणानं पोरीच्या तोंडची चव जाती.