डाव्या टाचेतले तीन खिळे

लिहून देणार: पुलाजवळच्या जोड्यांच्या दुकानाचा मालक, वय शहात्तर, शिक्षण चौथी.

डोकं ठिकाणावर आहे. सकाळी डॉक्टरने तपासलं, त्याचा कागद सोबत जोडलाय. कुणी दम दिलेला नाही, कुणी काही पाजलेलं नाही. याआधी माझ्या नावाने काही लिहिलेलं निघालं तर ते रद्द. वकिलाने "सबब" आणि "येणेप्रमाणे" घालून एक मसुदा आणला होता. त्यात माझंच म्हणणं मला कळेना, म्हणून परत पाठवला. हे माझ्या हाताने लिहिलंय. अक्षर वाईट आहे, वाचणाऱ्याने सोसावं.

१. घर आणि दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर माळा, परसात नळ. हे सगळं वहिनीचं, तिच्यामागे पुतणीचं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. निम्मं दादाचं होतंच, त्यामुळे ते मी देतो असं लिहीत नाही. उरलेलं निम्मं का, ते कलम पाचमध्ये आहे. घाई असेल त्याने आधी ते वाचावं.

२. हत्यारं. आरी, चामडं कापायच्या दोन्ही रापी, जोडा पालथा घालून ठोकायची लोखंडी तिकटी आणि लाकडी साचे पुतणीला. गेली बारा वर्षं दुकान तीच चालवते, मी खुर्चीत बसून चुका काढतो. मोठ्या रापीची मूठ तिला आवडत नाही. मी असेपर्यंत बदलायची नाही असं म्हटलं होतं. आता बदलावी.

३. शेजारच्या शिंप्याला काही नाही. उलट माझी मोठी कात्री एकोणीस वर्षं त्याच्याकडे आहे ती त्याने द्यावी. विचारलं की म्हणतो, "कसली कात्री?" ती डाव्या हाताची आहे आणि अख्ख्या गल्लीत डावखुरा मी एकटा. उजव्या हाताने ती चालवून इतकी वर्षं लोकांच्या बाह्या वाकड्या कापतोय.

४. बिल्ला. आपल्याच लोकांची आपसात लढाई झाली तेव्हा नदीच्या अलीकडे सरकार होतं, पलीकडे बंडवाले. त्यांना सगळे "पलीकडचे"च म्हणायचे. तह झाल्यावर ते नगरपालिकेत आले आणि हेरगिरीबद्दल मला पितळी बिल्ला दिला. तेव्हापासून दर वर्षी चौकात पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. बिल्ला परत करावा. खुर्ची ज्याला हवी त्याने घ्यावी, डुगडुगते.

५. दादाचं. हे नीट वाचावं, मी दोनदा लिहिणार नाही.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी सरकारचा चष्मेवाला कप्तान दुकानात आला, स्टुलावर बसला.

"पलीकडे जाणारे तुझ्याकडूनच तळ घालून घेतात ना?"

"येणारे पण घेतात," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने काम सांगितलं. ज्याच्यावर संशय, त्याच्या जोड्याच्या डाव्या टाचेत तीन जादा खिळे तिकोनात ठोकायचे. काठच्या चिखलात तसा ठसा दिसला की शिपाई माग काढणार. नाही म्हटलं असतं तर दुकानाला कुलूप आणि मी आत. हो म्हटलं.

पण माझं मन पलीकडच्यांकडे होतं. एक मीठवाला गोणी घेऊन दोन्ही काठांना फिरायचा, त्यांचे निरोप न्यायचा. त्याला मी सगळं सांगितलं. म्हटलं, "तुमच्या माणसांना सांगा, जोडा हातात आला की आधी टाच बघायची, खिळे उपटायचे, मग नदीवर जायचं."

तो म्हणाला, "दोघांचं खाता की काय?"

"दोघांचं शिवतो."

दीड वर्ष मी खिळे ठोकले आणि त्यांनी उपटले. एकही माणूस सापडला नाही. कप्तान म्हणायचा, "तुझे खिळे मऊ आहेत."

दादाला यातलं काही सांगितलं नव्हतं. सरळ माणूस, पोटात काही राहायचं नाही.

आमच्या दुकानाची एक रीत वडिलांपासूनची. नवा तळ घातलेला जोडा गिऱ्हाइकाला तसाच द्यायचा नाही. घरातल्या माणसाने तो एक दिवस घालून हिंडायचं, तळ मऊ झाला की मग द्यायचा. याला आम्ही "पाय लावणं" म्हणतो. ते काम दादाचं. जोडा मोठा असला तर चिंध्या कोंबून घालायचा. पाय लावायचे जोडे खालच्या फळीवर, तयार झालेले वर खुंटीला. खिळ्यांचे मी परस्पर खुंटीला टांगायचो, म्हणजे दादा त्यांना हात लावणार नाही.

एक दिवस कप्तानाने मीठवाल्यावरच संशय घेतला. त्याच्या जोड्यात मी खिळे ठोकले, म्हटलं, आला की सांगू. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि जोडा खालच्या फळीवर ठेवून मी बाहेर गेलो. हाक कुणाची ते आठवत नाही. आठवून उपयोगही नाही.

सकाळी दादा तो जोडा घालून काठाकाठाने हिंडायला गेला, नेहमीसारखा. दुपारी शिपायांनी त्याला धरलं.

चार वाजता कप्तान डावा जोडा घेऊन आला. म्हणाला, "तुझा भाऊ म्हणतो, हा गिऱ्हाइकाचा आहे, मी नुसता चालून मऊ करत होतो. खरं का?"

खरं आहे म्हटलं असतं तर दादा घरी आला असता. मग गिऱ्हाईक कोण, हे विचारलं असतं. मीठवाल्याला धरून बडवलं असतं आणि त्याने पहिलं नाव माझं घेतलं असतं. एवढं सगळं मला उभ्या उभ्या सुचलं.

मी म्हटलं, "जोडा त्याचाच आहे."

कप्तानाने जोडा उलटा करून टाच बघितली. "सख्ख्या भावाच्या टाचेत खिळे ठोकलेस," म्हणाला. त्या दिवसापासून त्याचा माझ्यावर पुरता विश्वास बसला.

दादा परत आला नाही. तिसऱ्या दिवशी सामान आलं. पट्टा, कंगवा, जोडा.

६. दगड. तह झाल्यावर चौकात दगड उभा केला, दोन्हीकडच्या मेलेल्यांची नावं कोरली. दादाचं नाही. सरकारवाले म्हणाले, तो पलीकडच्यांचा हेर. पलीकडचे म्हणाले, हा आमच्यात कधी नव्हता. वहिनी नळावर गेली की बायका अजून म्हणतात, हेराची बायको आली. हेर मी होतो. दगडाच्या डाव्या बाजूला खालून दुसऱ्या ओळीत जागा आहे, मी वीत लावून बघितलंय. तिथे दादाचं नाव वडिलांच्या नावासकट कोरावं, अक्षर इतरांइतकंच मोठं. नगरपालिकेने कां-कू केलं तर कलम पाच चौकात वाचून दाखवावं. शिंप्याने वाचावं. त्याचा आवाज दणदणीत आहे, आणि येताना कात्री आणता येईल.

७. तो जोडा. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहे. मीठवाला न्यायला आला नाही. खिळे काढून जोडा नदीत टाकावा.

इथवर लिहिल्यावर वहिनीला वाचून दाखवलं. डॉक्टर आणि मास्तरीणबाई समोर होत्या. वहिनी मटार सोलत होती. तिने हात थांबवला नाही.

"झालं?" म्हणाली.

"झालं."

"त्या दिवशी ह्यांच्या स्वतःच्या चपला दारातच होत्या, भाऊजी. संध्याकाळी मीच आत घेतल्या. पायात दुकानाचा जोडा होता हे मला तेव्हाच कळलं."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? कप्तानाशी? तुम्हालाही नेलं असतं. पोटात तुमची पुतणी होती." मग म्हणाली, "तुम्ही कधी बोलता ते बघत होते. पन्नास वर्षं लावलीत. एका जोड्याला एवढा वेळ लावला असता तर गिऱ्हाईक राहिलं असतं का?"

 हेही लिहून ठेवतो.

दुरुस्ती, वहिनीच्या सांगण्यावरून: कलम सात खोडलं. जोडा नदीत टाकायचा नाही, खिळे काढायचे नाहीत. दुकानात समोर टांगायचा, टाच बाहेरच्या बाजूला. कुणी विचारलं तर पुतणी सांगेल.

८. दादाच्या चपला वहिनीकडे आहेत. मला माहीत नव्हतं. आत्ता आतून आणून तिने माझ्यापुढे ठेवल्या. उजवीचा अंगठा तुटलाय. मी म्हटलं, आण, लगेच शिवून देतो. ती म्हणाली, "आधी सही करा."

सही केली. डाव्या हाताची आहे, खरी आहे.

साक्षीदार: १. डॉक्टर, दवाखाना पुलाच्या तोंडाशी. २. मास्तरीणबाई, मुलींच्या शाळेतून निवृत्त. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, मी त्यांच्यासमोर केली.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: नऊ, सोमवार, सकाळचे साडेअकरा. वर्ष स्टँपावर आहे.