भिवापूरची पिचर

१२ जाने., रविवार
प्रताप नगरच्या मैदानावर आज आमची बेसबॉलवेडी मंडळी जमली. एरवी ग्रुपवर अमेरिकेतल्या मॅचेसवरून भांडतो, महिन्यातून एकदा समोरासमोर. आज कुणी भांडलं नाही. विषय होता घरात ऐकलेले, पण बाहेर कुणालाच आठवत नसलेले खेळाडू. कुणाचा काका, कुणाचे आजोबा. (अर्ध्या थापा असणार. असू देत.) मी आईचं सांगितलं. शाळेच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, सुमन. "माझा बॉल येताना कोणाले दिसेच ना, गेल्यावर दिसे," असं म्हणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण मी तिच्याच सुरात सांगितलं. सगळे चहा विसरून ऐकत होते. ९ फेब्रुवारीला अशा खेळाडूंची नावं मैदानावर पुकारायचं ठरलं. आईचं पहिलं! एका काकांनी तर तिचे बॉल झेलणाऱ्या कॅचरचा नंबरही मिळवून दिला. सुलभाताई.

१४ जाने.
सुलभाताईंना फोन. आईचं नाव घेतलं तर रडायलाच लागल्या. "अवं, तुह्या मायनं माझा तळवा सुजवून ठेवला होता! ग्लोव्हमधी रुमाल कोंबून बसो मी." मग म्हणाल्या, "आन तेही डाव्या हातानं. तसा डावा हात पुन्हा नाही पाह्यला."
आई उजव्या हाताची होती. जेवण, लिहिणं, मला घातलेले धपाटे, सगळं उजव्यानेच.

१५ जाने.
दादाला पुण्याला फोन केला. "म्हातारी विसरली असेल," म्हणे. असेल. पण जिचा तळवा सुजला ती हात कसा विसरेल?

२१ जाने.
कौसल्यामावशी आली भिवापूरहून. आईची मोठी बहीण. मोतीबिंदू पिकलाय, रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. दारातूनच "जयभीम वं बाई", आणि पिशवीत एवढी मिरची की घरभर शिंका. संध्याकाळी भेंडी चिरायला बसली. सुरी डाव्या हातात. जन्मभर बघत आलेय हा हात, आणि आज मला बघवेना.
"मावशी, ते सॉफ्टबॉल..."
सुरी थांबली नाही. "हो. मीच ते."

२२ जाने.
सकाळी सगळं सांगितलं तिने. तिची शाळा लवकरच सुटली होती. आई इथे मामांकडे राहून शिकायची, टीममध्ये नुकतंच नाव लागलं होतं, तेही राखीव; चेहऱ्याने तिला अजून कुणी ओळखत नव्हतं. मावशी तिला भेटायला आली, मैदानाबाहेर आलेला बॉल उचलून परत फेकला, तो सरळ सुलभाताईंच्या ग्लोव्हमध्ये. (ज्वारी राखताना गोफण फिरवून तयार झालेला हात!) पण शाळेत नाव नाही तर खेळणार कशी? म्हणून सुमनच्या नावाने कौसल्या उतरली. अख्खा सीझन.
मी विचारलं, "आणि आई?"
"झाडामागं. एका नावाच्या दोघी दिसल्या असत्या तं पकडल्या गेलो नसतो का? सारे 'सुमन, सुमन' वरडत, आन सुमन झाडामागून पाहून राहिली."
म्हणजे आईने सांगितलेलं सगळं खरंच होतं. फक्त बॉल तिचा नव्हता.
पुढच्या वर्षी मावशीचं लग्न. संपलं. आई ते किस्से रंगवायची तेव्हा मावशी शेजारी बसून "हो ना, हो ना" करायची. आठवतं मला. काहीच कशी बोलली नाही ही?
"काहून बोलू? तिले सांगाले आवडे, मले खेळाले आवडे. दोघींचंही झालं."
अर्धा दिवस आईवर चिडले. मग राग कुठे गेला कळलं नाही. मावशीकडे नुसती बघत बसले. माझी साधी पोळी चांगली फुगली तर मी चार घरी सांगते. आणि ही बाई...

२६ जाने., रविवार
फोनवर खरं काय ते सांगितलं होतं, आज सुलभाताई आल्या. दारात दोघी एकमेकींचे हात चाचपत उभ्या. मग सुलभाताईंनी पिशवीतून ग्लोव्ह आणि बॉल काढला. मी म्हटलं, मावशीला धड दिसत नाही, राहू द्या. कोण ऐकतंय! खाली पार्किंगमध्ये सुलभाताई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या (गुडघे वाकत नाहीत), मावशी समोर, पदर खोचून.
"बोल वं सुलभा. दिसत तं नाही. आवाजावर टाकतो."
"इकडं. इकडं वं, सुमन."
हात खालून पूर्ण गोल फिरला. बॉल मला दिसला नाही. आईशपथ नाही दिसला, आवाज ऐकला फक्त. वॉचमन उठून उभा राहिला. सुलभाताईंनी ग्लोव्ह छातीशी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर सगळ्यांनी पोहे खाल्ले.

३१ जाने.
मावशीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून ऐटीत बसते.
दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईला चारचौघांत खोटं पाडणार आहेस?" मी फोन ठेवला. प्रश्न मात्र ठेवता आला नाही.

८ फेब्रु.
उद्या. आमच्या ग्रुपच्या सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं, पुकारायच्या कार्डावर एकच नाव बसेल, कोणतं लिहू?
सुलभाताई म्हणतात, खोटं नाव पुकारलं तर मी जागेवरून उठणार नाही. दादा म्हणतो, आईचंच. मी कधी इकडे, कधी तिकडे. कौसल्या पुकारलं तर आई थापाडी ठरते. सुमन पुकारलं तर जिने बॉल टाकला ती आणखी एकदा नाहीशी. आणि आईचं नाव तरी फुकट होतं का? ते तिने वापरायला दिलं आणि स्वतः झाडामागे उभी राहिली.
शेवटी मावशीलाच विचारलं. तुला काय हवं?
तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, "तुही माय असती तं तिचंच घे म्हटलं असतं. आता ते राह्यली नाही. मैदानात माझं नाव कधी कोणी वरडलंच नाही वं. उद्या वरडलं तं मी मागं वळून पाहीन का नाही, मलेच माहीत नाही."
सेक्रेटरींना म्हटलं, कार्ड कोरंच ठेवा. मैदानावर मीच पुकारते, दोघींची नावं.