तळ्यावरची बाळंतीण

३ सप्टेंबर

सापडली! पंपघराच्या खिडकीपासून वीस पावलांवर, कमळाच्या पानावर चार अंडी. तपकिरी, वर काळ्या रेघोट्या — लेक लहानपणी भिंतीवर ओढायची तशा. वर कमळपक्षीण बसली आहे. पायाची बोटं हीऽ लांब, म्हणून पान बुडत नाही. मी नाव ठेवलं — बाळंतीण. पंपाच्या वहीत वेळही टाकली. एकवीस वर्षं पंप चालवतोय, उगाच नाही!

९ सप्टेंबर

पाणकोंबडी जवळ आली तर बाळंतीण अंगावर धावून गेली. शाब्बास!

१४ सप्टेंबर

साहेबांचा हुकूम — सोमवारपासून तळं दोन फूट उतरवा, जुना पाइप बदलायचाय. म्हणजे पान चिखलात बसणार आणि काठावरची कुत्री चालत जाणार! म्हटलं, पंधरा-वीस दिवस थांबा. "तुमच्या सांगण्यावरून? लेखी काय आहे?" आहे ना! बाळंतीण कधी बसली, कधी उठली, रोज टिपलेली वही टेबलावर आपटली. ठेवली, खरं तर. अशी वही त्यांच्या अख्ख्या खात्यात नसेल. 'बघून सांगतो' म्हणाले.

१६ सप्टेंबर

लेक सुट्टीवर आली. शाळेत जीवशास्त्र शिकवते. खिडकीतून बघितलं आणि पोट धरून हसली. "बाळंतीण कसली, बाप्या आहे तो! यांच्यात मादी अंडी घालून दुसरीकडे जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे."

कान गरम झाले. वहीभर 'ती बसली, ती उठली'! साहेब आता वही तोंडावर फेकणार.

मग म्हणाली, "बाबा, निदान तू तरी ओळखायला हवं होतंस."

बायको परगावी नर्स, महिन्यातून दोन दिवस यायची. लेकीच्या वेण्या मी घातल्या. गोवर निघाला तेव्हा उशाशी मीच बसून होतो. गल्लीतले 'आईसाहेब' म्हणून हाका मारायचे. लाज वाटायची. मी कधी वळलो नाही. पोरीला हे कळत नसेल असं समजत होतो.

१७ सप्टेंबर

साहेबांना स्वतःच जाऊन चूक सांगितली. बराच वेळ वही चाळत बसले. "वेळा तरी खऱ्या आहेत ना?"

"मिनिटासकट."

"मग बसू द्या बाप्याला." पाइप पुढच्या महिन्यात!

२९ सप्टेंबर

चारही फुटली! पिल्लांना पंखांखाली घेऊन चालतो पठ्ठ्या, खाली इवले आठ पाय लोंबतात. एक पक्षी, दहा पाय! छाती फुगली माझी, जणू मीच उबवली.

३० सप्टेंबर

बाजारात मागून हाक आली — "काय, आईसाहेब!"

वळलो. म्हटलं, "बोला."