तीन डबे आणि युन-रूचा मुक्काम

चिरंजीव आ-त्वान,

तुला आणि आमच्या आ-खुन मेहुण्यांना थोरल्या बहिणीचा, ग्वेत-हाचा, पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? लुकांगला समुद्राचा वारा फार, तेव्हा गुडघ्यावर आल्याचा लेप लावून त्यावर लोकरीची पट्टी बांध, आणि पट्टी बांधून बाजारात हिंडू नकोस, घरी बस. मी बरी आहे. रक्तदाब वर जातो, खाली येतो, त्याचं त्याला ठाऊक. अक्षर वाकडं आलं तर हसायचं नाही. देवळामागच्या म्हाताऱ्यांच्या वर्गात बाईंनी निम्मीच अक्षरं शिकवली, उरलेली मी तोंडावरून ओळखते. फोनच केला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि ही हकिकत मधे बोलू देण्यासारखी नाही.

आनंदाची गोष्ट आधी सांगते, कारण पुढे माझा गोंधळ उडणार आहे. आपली युन-रू घरी आली आहे. माझ्या थोरल्याची मुलगी ती, शिन्चूला कंपनीत प्रोग्रॅम लिहायला असते. (प्रोग्रॅम म्हणजे टीव्हीवरचे नव्हेत. किम-हुन शेजारीण वर्षभर तसंच समजत होती आणि युन-रू कधी दिसते याची वाट बघत होती.) तिच्या साहेबांनी म्हणे सांगितलं की कंपनीतल्या मोठ्या कॉम्प्युटरचं काम घरच्या एखाद्या छोट्या कॉम्प्युटरवर निभत असेल तर घरी बसून काम कर. मी याचा अर्थ असा लावला की निभलं नाही तर पोरीला सोमवारी परत शिन्चूला, त्या वाऱ्याच्या गावात, भाड्याच्या खोलीत, उभ्याने शेवया गिळायला जायचं. तेव्हा माझा जीव किती टांगणीला लागला असेल ते तूच बघ. बारा वर्षांची होईपर्यंत ती माझ्या कुशीत झोपलेली आहे.

तर तिने तुलना करायला तीन छोटे कॉम्प्युटर आणले आणि मागच्या खोलीत मांडले. कॉम्प्युटर कसले, डबे. एक चांदीसारखा, चंद्रोत्सवाच्या मिठाईचा डबा असतो तेवढा, फार तोऱ्याचा. दुसरा काळा, त्यात पंखा आहे आणि काम दिलं की तो वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यासारखा गुरगुरतो. तिसऱ्यात पंखाच नाही. त्याच्या डोक्यावर पत्र्याच्या छपरासारख्या पन्हाळ्या आहेत, त्यातून त्याची ऊब आपली आपण निघून जाते. त्याला मी मुका म्हणते. पहिल्या दिवशी मी त्याच्यावर संत्र्याच्या साली वाळत घातल्या होत्या, पण युन-रूने त्या लगेच उचलल्या आणि तोंड बंद ठेवलं, म्हणून मला कारण कळलं नाही. त्या वेळीच कारण सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

ती म्हणाली, तिन्ही डब्यांचा मेंदू फोनच्या जातीचा आहे. वीज कमी खातो, तापतो कमी. मी विचारलं, मग माझ्या फोनवरच कर की काम, एवढे डबे कशाला? ती आपल्या आजीला म्हणते कशी, “आमा, स्कूटरला आणि ट्रकलाही चाकंच असतात, म्हणून तू स्कूटरवरून तांदळाची गोदामं हलवशील का?” पोरीची जीभ आपल्या दोघींच्या आईवर गेली आहे. मग तिने सांगितलं की तिचे प्रोग्रॅम कच्चे असतात, ते शिजवावे लागतात, आणि तिघांनाही तोच शिधा देऊन कोण कसा शिजवतो ते बघायचं. इथवर मला समजलं. मुळ्याच्या वड्यांचं मीही असंच करते, एकच पीठ, तीन पातेली.

पुढचं मात्र डोक्यावरून जात होतं. जुने काही प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या मेंदूसाठी लिहिलेले आहेत, त्यांची भाषा या डब्यांना येत नाही, मधे दुभाष्या बसवावा लागतो. हेही अखेर समजलं, कारण मी बँकेत जाते तेव्हा माझं हेच होतं. खिडकीतली मुलगी सरकारी भाषेत बोलते, मी आपल्या भाषेत, मधे किम-हुन. काम होतं, पण तिघींना घाम फुटतो. युन-रू म्हणाली, “अगदी हेच गं आमा, घामासकट.” मी दिवसभर खुशीत होते. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला कॉम्प्युटरातलं कळलं.

संध्याकाळी पेज पिताना ती सहज बोलून गेली की तिला मुका आवडतो, भिंतीपलीकडे मी झोपते, आवाज नको, फक्त त्याने कामात मार खायला नको. झालं. मुका जिंकला की पोरगी राहिली, मुका हरला की गेली, असं मी मनात पक्कं केलं आणि दुसऱ्या दिवशी भूमिदेवाच्या देवळात गेले. लाकडाचे दोन कौल टाकून विचारलं, मुका जिंकेल ना? दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे देव हसला, ना हो, ना नाही. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. मी म्हटलं, देवा, चेष्टा पुरे, वय झालंय माझं. तिसऱ्यांदाही हसला. देव असा वागायला लागला की माणसाने स्वतः काहीतरी करावं लागतं.

आता आपल्याकडे कोणत्याही यंत्राजवळ मक्याच्या फुग्यांच्या खाऊचा हिरवा पुडा ठेवतात, तो असेपर्यंत यंत्र शहाण्या बाळासारखं राहतं, हे तुला सांगायला नको. तू जातेस त्या दवाखान्यात रक्त तपासायच्या यंत्रापाशी आहे, आमच्या भुयारी रेल्वेच्या तिकिटांच्या यंत्रामागे आहे. हिरवाच हवा, ताजा हवा, आणि खायचा नाही. पिवळा ठेवला तर यंत्र रुसतं. युन-रूने तिघांत मिळून एकच हिरवा पुडा टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला होता. मला ते तीन लेकरांत एक अंडं वाढल्यासारखं वाटलं. ती अंघोळीला गेल्यावर मी मुक्याच्या डोक्यावर चांगला फुगलेला हिरवा पुडा आडवा ठेवला, वर माझा विणलेला रुमाल झाकला, म्हणजे पोरीला दिसायला नको. आणि (हे आ-खुन मेहुण्यांना वाचून दाखवू नकोस) चांदीच्या आणि काळ्याच्या जवळ पिवळे ठेवले. चांदीच्या मागे उभा राहिला. काळ्याच्या डोक्यावर ठेवला होता, पण त्याच्या पंख्याने तो उडवून खाली पाडला, तेव्हा मी म्हटलं, पड तिथेच, रुसायला तेवढं पुरे.

मग तिने परीक्षा घेतली आणि मी दारातून पडद्यावरचे आकडे बघितले. आकडे मला येतात, भाजीबाजारात पन्नास वर्षं काढली आहेत. मुक्याचा आकडा सगळ्यांत मोठा. चांदीच्याच्या दुप्पट. मी मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले, वड्या तळल्या, किम-हुनच्या घरी ताट पाठवलं आणि वर निरोप दिला की नात पहिली आली. युन-रू मात्र कपाळाला हात लावून बसलेली. मी म्हटलं, “अगं, एवढे गुण मिळाले आणि तोंड असं का?”

ती म्हणाली, “आमा, ते गुण नाहीत. तेवढी मिनिटं लागली.”

आ-त्वान, माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मोठा आकडा म्हणजे हरला. ती म्हणाली, कालपर्यंत हा चांगला धावत होता, आज याला काय झालं कळत नाही, असाच राहिला तर ठेवता यायचा नाही. आणि तिने हात लावून बघितलं तर मुका आमच्या भाताच्या कुकरसारखा तापलेला. तिने रुमाल उचलला. मग पुडा उचलला. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं, तिथे कोळिष्टकं होती, ती काढायला हवीत.

ऊब बाहेर जायला वाटच नव्हती, म्हणून बिचारा जपून, हळूहळू काम करत होता, असं तिने मला समजावलं. मी म्हटलं, पण हिरवा होता गं, तारीखही ताजी होती. ती म्हणाली, “शेजारी ठेवतात आमा, डोक्यावर बसवत नाहीत. तू मला थंडीत तीन गोधड्या घालून परीक्षेला पाठवायचीस तसं झालं हे.” मग हसायला लागली ती थांबेना. मुका गार झाल्यावर तिने पुन्हा शिधा दिला. चांदीचा पहिला आला (पिवळ्या पुड्याला न जुमानता, त्याचा तोरा खरा निघाला), मुका त्याच्या पाठोपाठ आणि काळा गुरगुरत तिसरा. ती म्हणाली, एवढ्या फरकासाठी कोण भांडतंय, मुकाच ठेवते. म्हणजे राहिली. मी पुन्हा वड्या तळल्या. किम-हुनला वाटतं युन-रू दोनदा पहिली आली, तिला तसंच वाटू दे.

तुझ्या घरच्या सगळ्यांना माझा आशीर्वाद. औषध वेळेवर घे.

तुझी,
ग्वेत-हाताई

ता. क. युन-रूने पत्र वाचलं. (न विचारता वाचलं. हेही आईवरच.) ती म्हणते साहेबांनी घरून काम करायला आधीच हो म्हटलं होतं, काळा जिंकला असता तरी ती इथेच राहणार होती, तुलना फक्त कोणता डबा ठेवायचा यासाठी होती. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणते, “तू विचारलंस कुठे? तू थेट देवाला विचारायला गेलीस.” तेव्हा वर जे लिहिलं आहे त्यातलं अर्धं वाचलं नाहीस तरी चालेल. कुठलं अर्धं ते मला सांगता येणार नाही.

ता. क. आणखी एक, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसले. आ-खुन मेहुण्यांचं गाण्याचं यंत्र आणि त्याचे ते माणूसभर उंचीचे दोन कर्णे आमच्या मागच्या खोलीत आहेत, ते या रविवारी टेंपो आणून घेऊन जावेत. मेहुण्यांना वाईट वाटेल, त्यांना सांग की ओलीने आवाज बसतो. मला तिथे पलंग टाकायचा आहे, लाकडी, जड, चार माणसांनी जिना चढवावा असा. पोरगी राहीन म्हणते, तिच्यावर माझा विश्वास आहे. पण काल ती दुकानात गेली होती तेव्हा मी करून बघितलं, तिन्ही डबे माझ्या भाजीच्या एका पिशवीत बसतात.