चार मीटर खालचं ल्युपिन

४ जून १९३४
सकाळच्या गाडीने पोहोचले. टोर्केल आणि गुनवोर या नवराबायकोने वरची खोली दिली आहे. ऊन छान येतं. गुनवोर मोठी हसरी. कॉफी ओतताना म्हणाली, "चिखलातली धूळ वेचायला शहरातून पगारी माणसं येतात होय, बाई?" मीही हसले. दलदलीच्या थराथरांत जुने परागकण टिकून राहतात. ते मोजून इथे पूर्वी कोणतं रान होतं ते सांगायचं, हे माझं काम.
गेल्या वर्षी उन्हाळी सणाच्या नाचातून माझी लेक सिग्ने या दलदलीकाठूनच नाहीशी झाली. तिला शोधायलाच ही नेमणूक मागून घेतली. इथे कुणाला सांगितलेलं नाही.

११ जून
टोर्केल गिरमिट फिरवतो, मी नमुने नळ्यांत भरते. वर राय या धान्याचे कण, मग बर्चच्या झाडांचे, खाली खूप जुन्या काळचं लिंडनचं रान. एका कोपऱ्यात भोक पाडायला तो तयार होईना. तिथली जमीन दगा देते म्हणे. मी हट्ट धरला.

१५ जून
चार मीटरवर, लिंडनच्या थरात, ल्युपिनचे कण. सुटे नाहीत, गठ्ठाच आहे. म्हणजे वाऱ्याने आलेले नव्हेत, अख्खं फूल खाली गेलं. माझ्या आजीच्या लहानपणी हे फूल या देशात नव्हतं. टोर्केल म्हणाला, गिरमिट नीट धुतलं नसेल. मीच धुतलं होतं.

१८ जून
पुन्हा तिथेच. पात्याला केस. तांबडे. सिग्नेचे फिकट सोनेरी होते. पण दलदल सगळ्यांचेच केस तांबडे करते.
त्याखाली डेझी. आणखी खाली क्लोव्हर. गठ्ठेच. सणाला पोरी डोक्यावर घालतात त्या मुकुटांतली फुलं— थरामागून थर—

२१ जून
गुनवोर माझ्यासाठी मुकुट गुंफते आहे. पाहुणीने घालायचाच असतो. म्हणाली, गेल्या वर्षीच्या पोरीला ल्युपिन आवडेना, सारखी उपटून टाकायची. टोर्केलला लांब काठीने खाली दाबून धरावं लागलं. मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "नाक मात्र अगदी तुमच्यावर गेलं होतं हो, बाई."

२३ जून
दलदलीवरच्या पायवाटेच्या फळ्या काढल्या आहेत. दार बाहेरून—
मी आतूनच विचारलं, तेव्हा ती जिवंत होती का. टोर्केल म्हणाला, होती तर. बराच वेळ आई, आई चाललं होतं.
तिच्या शेजारीच जागा देतो म्हणाला. मी नको म्हणू शकले नाही.
सणाच्या नाचाचं व्हायोलिन थांबलं. जिन्यावर पावलं.
कोरडे मोजे घालते आहे. उजवा झाला. डावा—