सिलिंडर सरकल्याची हकिकत

ती. वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार, वाकून, पण डोळ्यांतलं काही खाली पडणार नाही इतपतच.

तुमचं बरं असेलच. दादाचा गुडघा काय म्हणतो? (जिना चढताना गुडघा कुरकुरतो की दादा, ते मागच्या पत्रात तुम्ही मोघमच ठेवलं होतंत.) मी मजेत आहे. चष्मा गेला. हरवला नाही, सोडला. आपल्या घरात आल्या दिवसापासून ज्याला तुम्ही बाटलीची बुडं म्हणत आलात, तो आता दुकानाच्या खणात खिळ्यांशेजारी पडलाय. हसा, मनसोक्त हसा.

तसं पाहिलं तर हे सगळं तुमच्यामुळेच झालं. तुमची मावसबहीण बदली होऊन इथल्या मोजणी कचेरीत नकाशे काढायला आली, आणि नकाशे चौकटीत बसवायला तिला माझ्याकडे धाडण्याचं पुण्यकर्म तुम्ही केलंत. (मी कुठे काय केलं, असं म्हणू नका. फ्रेमची दुकानं इथे आणखीही आहेत, आणि त्यांचे मालक सगळे लग्न झालेले आहेत.) बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या भिंतीवरून नजर फिरवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, चौकटी तिरक्या आहेत की भिंत? मी बेधडक भिंतीवर ढकललं. नाचता येईना अंगण वाकडं, हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला नक्की कोणीतरी फ्रेमवाला भेटला असणार. त्या गेल्यावर गवंड्याची पाणसळ लावून पाहिली. भिंत निर्दोष सुटली. माझी मान त्यांच्यासमोर खाली गेली ती गेलीच, आणि खरं सांगतो, दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकासमोर गेली असती तर मी जेवून झोपलो असतो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पुष्कळ भिंगं आलटूनपालटून झाल्यावर त्या म्हणाल्या, तुम्हाला सिलिंडर आहे. मी म्हटलं, दोन आहेत, एक चालू, एक राखीव. त्यांनी कागदात पाहून मान डोलावली, बरोबर, दोन्हींत आहे, डावीकडे जास्त. आम्ही असे बराच वेळ एकमेकांशी सहमत होत राहिलो. (मी तर गॅसवाला वेळेवर येत नाही अशी तक्रारही करून टाकली.) शेवटी उलगडा झाला. बुबुळ चेंडूसारखं सगळीकडून सारखं गोल हवं, माझं अंड्यासारखं लांबट आहे. त्यामुळे उभी रेघ एक सांगते, आडवी भलतंच, आणि हा घोळ निस्तरणाऱ्या नंबराला सिलिंडर म्हणतात.

पुन्हा बाटलीची बुडं नकोत म्हणून मग चष्म्याऐवजी डोळ्यात घालायची लेन्स निवडणं आलं. साधी मऊ लेन्स माझ्या डोळ्यावर ओल्या फडक्यासारखी पसरली आणि डोळा होता तसाच तिरपागडा राहिला. कडक लेन्सने दिसायचं लख्ख, पण डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं वाटून धारा लागायच्या. त्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्या वारलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन आले, माझे अश्रू पाहून त्यांनी मला मिठीच मारली. आता ते रोज त्याच्या आठवणी सांगायला येतात. तिसरी लेन्स खास सिलिंडरवाल्यांसाठी. ती खालून किंचित जड असते, बुडाशी वजन असलेल्या बाहुलीसारखी, म्हणजे डोळ्यात उभीच्या उभी राहावी. कधी फिरलीच, तर डोळा घट्ट मिटून उघडायचा. ती मी घेतली.

लेन्स घातली आणि दुसऱ्याच दिवशी बाई नकाशा घेऊन आल्या. वहिनी, मला त्यांना एकदा सरळ, नीट पाहायचं होतं. एवढंच. तर नेमकी डावी लेन्स फिरली. मी डोळा घट्ट मिटला. एकच. त्यांच्याकडे टक लावून. तेवढ्याने भागेना म्हणून पुन्हा. बाईंचे कान लाल झाले (हे उजव्या डोळ्याला स्वच्छ दिसलं), माझं धाबं दणाणलं आणि तोंडातून निघून गेलं, "माफ करा, सिलिंडर सरकला!"

नकाशा जमिनीवर पडला. "बटणाला हात लावू नका!" म्हणत त्यांनी खिडक्या सताड उघडल्या, माझं मनगट धरलं आणि मला ओढत रस्त्यापलीकडे नेलं. शेजारच्या शिंप्यालाही हाक मारली, तो मापाची टेप गळ्यात घेऊन पळाला. आम्ही तिघं माझं दुकान कधी उडतंय याची वाट बघत उभे राहिलो. तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं एकट्याचं ताट वाढून घेणारा माणूस, माझ्या जिवासाठी कोणी इतकं घाबरलेलं मी पाहिलंच नव्हतं. मला ते फार बरं वाटलं, वहिनी. शिंपी कंटाळून आत गेला तरी आम्ही उभेच होतो.

दादाला यातलं काही सांगू नका. तो जिन्यावरच हसत बसेल आणि गुडघ्याचं निमित्त होईल.

तुमचा,
सध्या डोळस असलेला
धाकटा दीर

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. बाई रविवारी सिलिंडर नीट बसवलाय का ते बघायला येणार आहेत. दुकानात सिलिंडर नाही. तेव्हा पत्र मिळताच त्यांना फोन करून काय ते समजावून सांगा, आणि आपला दीर डोळे मारत हिंडणाऱ्यांतला नव्हे, हेही त्यातच घाला.

आणखी एक. फोनवर आधी जरा अंदाज घ्या. डोळा मारल्याचा त्यांना राग आला असेल तर लेन्सचं खरं ते सगळं सांगून टाका. आला नसेल, तर काहीएक बोलू नका. रविवारच्या आत मी घरचा सिलिंडर दुकानात नेऊन ठेवतो.