बाबा, जंतू आणि तुझी टाकी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे शब्दशः घे. तुझी टाकी जिन्यावरून चढवल्यापासून मला सरळ उभं राहता येत नाही.) नव्या गावी तुझी आणि भाऊजींची तब्येत बरी असेल, घर लागलं असेल, शेजार बोलका असेल. इकडे मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही, तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर सांभाळून घे.

तू टाकी दिलीस, मासे दिलेस, फिल्टर मात्र जुना झाला म्हणून टाकून दिलास आणि गाडीत बसता बसता म्हणालीस, 'एखादा चांगला बघून घ्या.' एखादा! ताई, टाकी सोफ्याएवढी आहे. मी आणि बाबा दुकानात गेलो. दुकानदाराने स्पंजचा फिल्टर दाखवला आणि तो एवढ्या पाण्याला पुरणार नाही असं स्वतःच सांगितलं. काठाला टांगायचा दाखवला, तर तो घुरघुरत होता (तुझी भावजय म्हणते, घोरणारा घरात एक आहे तेवढा बास). मग तो म्हणाला, मोठ्या टाकीला सगळ्यात उत्तम म्हणजे संप. टाकीखाली आणखी एक टाकी असते, पाणी वरून खाली जातं, गाळून परत वर येतं, त्याला या धंद्यात संप म्हणतात. हे मला कळलं, बाबांना नाही. पाणीपुरवठा खात्यात साहेब असताना त्यांनी कधी संप होऊ दिला नव्हता. ते भर दुकानात ताडकन उठले आणि 'आमच्या घरात हे चालणार नाही' म्हणाले. एक बाई हातातली माशांच्या खाण्याची पुडी टाकून निघून गेली. शेवटी डब्याचा फिल्टर घेतला. झाकणाचा डबा, दोन नळ्या, आत स्पंज आणि चिनी मातीचे तुकडे. आवाज नाही, काही नाही.

थोडे दिवस बरे गेले. मग तुझ्या भावजयीने डबा उघडून पाहिला. ती ऑपरेशन थिएटरातली नर्स, तिला चमच्यावरचा डाग सहन होत नाही. आत तपकिरी चिखल! तिचे डोळे पांढरे झाले. तिने बाबांना हाक मारली आणि लग्नानंतर प्रथमच सासऱ्या-सुनेचं एकमत झालं. स्पंज घासले, तुकडे उकळले, वर बाबांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात सगळं बुडवून काढलं, खळाखळा धुतलं आणि परत बसवलं. बाबा म्हणाले, 'आता यातलं पाणी मीसुद्धा पिईन.' (पाजायला हवं होतं.) दोन दिवसांत पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. मी फोन केला, दुकानदार धावत आला, डब्यात हात घातला आणि मटकन खाली बसला.

'सगळे मारलेत तुम्ही,' तो म्हणाला.

'मासे जिवंत आहेत,' बाबा म्हणाले.

'मासे नाहीत हो. यातले जंतू. माशांची घाण तेच संपवतात. फिल्टर म्हणजे त्यांचं घर, साहेब.'

ताई, बाबांचा चेहरा मला बघवेना. ज्या माणसाने हयातभर पाण्यातले जंतू मारले, त्याला कोणीतरी घरी येऊन सांगत होतं की ते पाळायचे असतात. दुकानदार मासे घेऊन गेला, आपल्याकडे ठेवतो म्हणाला. बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून त्याच्याकडे गेले आणि त्याच्या जुन्या फिल्टरातला, जिवंत जंतूंनी भरलेला काळाकुट्ट स्पंज जेवणाच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून घेऊन आले. (डबा माझा. मी आता कामावर बाहेर खातो.)

तेव्हापासून घरात माणसांचं राज्य नाही. फिल्टरच्या डब्याजवळ साबण न्यायचा नाही. वीज गेली की बाबा बाही सारून टाकीतलं पाणी हाताने ढवळत बसतात, जंतूंना हवा मिळावी म्हणून. रिकाम्या टाकीत रोज माशांचं खाणं टाकतात, ते कुजावं आणि जंतूंची उपासमार होऊ नये म्हणून. परवा त्यांनी तुझ्या भावजयीला मिक्सर जरा हळू फिरव म्हणून सांगितलं. तेव्हा ताई, हात जोडतो, गाडी पाठव आणि ही टाकी घेऊन जा.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडीची घाई करू नकोस. खरं म्हणजे पाठवूच नकोस. निवृत्त झाल्यापासून बाबा खिडकीशी बसून असायचे, तुला ठाऊक आहे. काही विचारलं की 'हं'. काल मी आलो तर मला बूटही काढू न देता त्यांनी हाताला धरून टाकीपाशी नेलं आणि डब्यात आत्ता काय चाललं असेल ते जेवण गार होईस्तोवर सांगत बसले. टाकी राहू दे.

ता. क. दुसरा. मासे मात्र तेवढे ने. दुकानदार रोज विचारतो, कधी नेताय म्हणून, पण बाबा तयार नाहीत. म्हणतात, ते सगळे एकदम आले तर आपल्या माणसांवर कामाचा ताण पडेल.